वाडा उभा करताना : रंगमंच व्यवस्थेच्या नोंदी, इंदूर

26 ऑक्टोबर 2025, रविवार

दिवाळी आटोपल्यानंतरची मंडळाची पहिली बैठक आज राजेंद्र नगरात झाली आणि प्रयोगाची तारीख 13 डिसेंबर ठरली. नाटक नवे आहे, दोन अंकी आहे आणि मंडळातल्याच एका सदस्याने लिहिलेले आहे. मल्हारगंजातला वडिलोपार्जित वाडा विकायला निघालेल्या कुटुंबाची ही गोष्ट आहे. रंगमंच व्यवस्था माझ्याकडे आली आहे. संवाद संहितेत टिकतात, चाली कुणाच्या तरी कानात टिकतात, पण पडद्यामागचे काम बहुधा कुठेच लिहिलेले नसते आणि ते जाणणारा माणूस नोकरीनिमित्त पुण्याला किंवा बंगळुरूला गेला की पुढच्या नाटकाला सगळे पुन्हा मुळापासून शिकावे लागते, म्हणून या वेळी प्रत्येक निर्णय आणि त्यामागचे कारण लिहून ठेवायचे ठरवले आहे.

वाचन झाल्यावर एक जागा सगळ्यांच्याच लक्षात आली. दुसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश नव्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये घडतो आणि दुसरा प्रवेश रिकाम्या झालेल्या वाड्याच्या ओसरीवर. पहिल्या प्रवेशाच्या शेवटी मुलगी वडिलांना एक प्रश्न विचारते आणि त्याचे उत्तर वडील दुसऱ्या प्रवेशाच्या पहिल्याच वाक्यात देतात. मधल्या अंधारात प्रेक्षक खोकू लागले, मोबाइल उघडू लागले, तर प्रश्न एकीकडे आणि उत्तर दुसरीकडे राहील. हा अंधार 40 सेकंदांपेक्षा जास्त असू नये, असे मी सुचवले. लेखकाला ते पटले. दिग्दर्शकांना आकडा कडक वाटला, पण त्यांनी नकार दिला नाही.

2 नोव्हेंबर, रविवार

नेपथ्याचा आराखडा घेऊन काका आले. उमेदीची वर्षे त्यांनी कापड गिरणीच्या सुतारखात्यात काढली आहेत आणि मंडळाच्या बहुतेक नाटकांच्या भिंती त्यांच्या हातच्या आहेत. दिग्दर्शकांच्या मनात फ्लॅटच्या प्रवेशासाठी खऱ्या दरवाजाची भक्कम प्लायवुडची भिंत होती. काकांनी हिशेब मांडला. 8 बाय 4 फुटांचा 6 मिलिमीटर जाडीचा एक प्लाय साधारण साडेदहा किलोचा असतो आणि त्यामागे लाकडी चौकट आली की तो फ्लॅट (नेपथ्यातल्या भिंतीच्या सुट्या तुकड्यालाही फ्लॅटच म्हणतात) सोळा-सतरा किलोंवर जातो. त्याच चौकटीवर मांजरपाट ताणून लावला तर सगळे मिळून सात किलोंच्या आसपास भरते. अंधारात एका माणसाने उचलायची वस्तू सात किलोंची असावी की सतरा किलोंची, एवढाच प्रश्न होता. भिंत कापडाची करायचे ठरले. दरवाजा दिसणार नाही. पात्रे विंगेतून, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशातून, येतील आणि दार उघडल्या-लागल्याचा आवाज ध्वनिव्यवस्थेतून येईल.

वाड्याची ओसरी मात्र तिन्ही प्रवेशांत मागे उभीच राहील. तिच्यापुढे फ्लॅटची घडीची भिंत उलगडेल आणि प्रवेश संपताच मिटून बाजूला जाईल. म्हणजे बदल करताना वाडा आणायचा नाही, फ्लॅट फक्त न्यायचा. या एका कल्पनेने निम्मे काम हलके झाले.

5 नोव्हेंबर, बुधवार

आज मराठी रंगभूमी दिन. संध्याकाळी नटराजपूजन झाले. 1843 साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, त्याची आठवण दर वर्षी या दिवशी काढली जाते. भावे यांनी लाकडाच्या कळसूत्री बाहुल्याही केल्या होत्या, हे मी आज सर्वांना मुद्दाम सांगितले. मराठी नाटकाच्या आरंभीच लाकडात काम करणारा हात आहे, ही गोष्ट पडद्यामागे काम करणाऱ्या तरुणांना ठाऊक असली पाहिजे असे मला मनापासून वाटते. पूजेनंतर नव्या सदस्यांपैकी चार जणांनी रंगमंचाच्या कामासाठी नावे दिली. दोघे महाविद्यालयात शिकतात, एक ताई बँकेत आहेत, एक गृहस्थ नुकतेच निवृत्त झाले आहेत. प्रवेशबदलाची तुकडी याच चौघांची.

9 नोव्हेंबर, रविवार

चौकटींचे काम सुरू झाले. वखारीतून दोन इंच बाय एक इंच पट्ट्या आणल्या, बिजागऱ्या आणि स्क्रू सियागंजातून, मांजरपाट क्लॉथ मार्केटमधून. कापड ताणण्याचे काम काकांनी मुलांना स्वतः शिकवले.

“अरे बाळा, कोपऱ्यापासून नको सुरू करूस. आधी चारी बाजूंच्या मधोमध एकेक बारीक खिळा मार, मग मधून कडेकडे जा.”

“काका, मग जोरात ओढू ना?”

“बेताने. सरस लागला की कापड आपणहून आवळते. आत्ताच ताणलेस तर चौकट आत वाकेल.”

तसेच झाले. संध्याकाळी सरसाचा (सुतारकामातल्या चिकट द्रव्याचा) पातळ हात दिल्यावर सैल वाटणारे कापड ढोलकीसारखे तंग झाले आणि चौकटी सरळ राहिल्या. सरस आदल्या रात्री भिजत घालून दुसऱ्या भांड्यातल्या गरम पाण्यावर विरघळवावा लागतो. थेट आचेवर ठेवला तर करपतो आणि त्याची पकड जाते. पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल वापरूनही हे काम होते, आणि पुढच्या वेळी काका नसतील तर तोच मार्ग सोपा पडेल.

घडीच्या भिंतीत एक बारकावा आहे, तो इथे लिहून ठेवणे आवश्यक आहे. दोन फ्लॅट बिजागरीने जोडले तर पुस्तकासारखे मिटतात. तिसरा जोडला की तो मिटताना आधीच्या मिटलेल्या फ्लॅटच्या जाडीला अडतो. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्लॅटच्या मध्ये एक अरुंद लाकडी पट्टी घालून तिच्या दोन्ही कडांना बिजागऱ्या लावतात. त्या पट्टीमुळे तिसऱ्या फ्लॅटला वळसा घ्यायला जागा मिळते आणि तिन्ही एकावर एक सपाट बसतात. पट्टीची रुंदी फ्लॅटच्या जाडीपेक्षा थोडी अधिक हवी. सांधे समोरून दिसू नयेत म्हणून त्यांवर मांजरपाटाचीच पट्टी चिकटवली.

12 नोव्हेंबर, बुधवार

रंग देण्यापूर्वी सर्व कापडाला आगरोधक द्रावणाचा हात दिला. साधारण 200 ग्रॅम टाकणखार आणि 85 ग्रॅम बोरिक पावडर दोन लिटर गरम पाण्यात पूर्ण विरघळवून ते द्रावण ब्रशने कापडात मुरवायचे आणि वाळू द्यायचे. वाळलेल्या तुकड्याला मेणबत्ती लावून पाहिले. कापड काळे पडते, पण ज्योत बाजूला घेतली की जळणे थांबते. हे द्रावण सुती कापडातच मुरते, पॉलिएस्टरमध्ये नाही, आणि पाण्याने धुऊन जाते, त्यामुळे फ्लॅट भिजले किंवा कापड बदलले तर हात पुन्हा द्यावा लागेल. तैलरंग यावर वापरायचा नाही. या कामात अर्धा दिवस जातो म्हणून काही जणांचा ते टाळण्याकडे कल होता. आपल्या शहराच्या राजवाड्याला 1801, 1908 आणि 1984 साली आग लागलेली आहे आणि त्याचे वरचे मजले लाकडाचे होते. लाकूड, कापड आणि हजार वॉटचे दिवे शेजारी शेजारी ठेवणाऱ्या आपण इंदूरकरांनी तरी हा अर्धा दिवस वाचवू नये, असे मी सांगितले. त्यानंतर कुणी काही बोलले नाही.

ओसरीच्या खांबांच्या बैठकींसाठी थर्माकोल सुचवला गेला होता, तोही याच कारणाने नाकारला. नक्षी कागदाच्या लगद्याची होईल : वर्तमानपत्रे, मुलतानी माती आणि डिंक.

16 नोव्हेंबर, रविवार

रंगकाम. खांबांना गेरूचा पाया, त्यावर बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचा कोरडा ब्रश एकाच दिशेने, म्हणजे लाकडाच्या रेषा येतात. भिंतीला पिवडी आणि चुन्याचा फिका रंग. दुसऱ्या अंकात भिंतीवरच्या तसबिरी, घड्याळ आणि दिनदर्शिका काढलेल्या असतील, म्हणून त्या त्या जागी मूळ भिंतीपेक्षा उजळ चौकोन आणि त्यांच्या कडेने धुरकट रेघ रंगवली आहे. पहिल्या अंकात ते चौकोन तसबिरींखाली झाकलेले राहतील. तसबिरी मध्यंतरात उतरवायच्या, त्यामुळे त्यांचा भार प्रवेशबदलावर पडत नाही.

झोपाळ्याच्या कड्याही मध्यंतरातच काढायच्या आहेत.

19 नोव्हेंबर, बुधवार

सामग्रीची यादी पूर्ण झाली. पितळी तांब्या, फुलपात्रे, पानाचा डबा, अडकित्ता, समई, फिरकीचा तांब्या, लोखंडी ट्रंक, सतरंजी अशा वस्तू सदस्यांच्या घरून आल्या आहेत. यांतल्या काही सासूबाईंच्या, काही आजीच्या आहेत. अशी वस्तू हरवली तर ती बाजारातून भरून देता येत नाही. प्रत्येक वस्तूचे छायाचित्र, तिच्यावरची खूण आणि परत करण्याची तारीख वहीत घेतली. विंगेतल्या टेबलावर पांढरा कागद पसरून त्यावर प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढली आहे. वस्तू जागेवर नसेल तर रिकामी आकृती लगेच दिसते, यादी वाचावी लागत नाही.

पहिल्या अंकात सकाळचा नाश्ता आहे आणि दिग्दर्शकांना पोहे, शेव, जिरावण असा आपल्या गावचाच नाश्ता हवा आहे. तो असायलाच हवा, हे मलाही पटते. मल्हारगंजातल्या घरात सकाळी दुसरे काय असणार. मात्र वडिलांचे मोठे भाषण याच नाश्त्यात येते. कोरडी शेव घशात अडकते आणि जिरावणाची पूड श्वासाबरोबर गेली तर ठसका लागतो. म्हणून पोहे ओलसर आणि मऊ करायचे, शेव फक्त बशीच्या कडेला दिसेल अशी ठेवायची आणि जिरावणाच्या डबीत काहीही नसेल. वडील ती नुसतीच झटकतील. चहा कोमट असेल. कपातून वाफ दिसली पाहिजे असा आग्रह कुणी धरू नये, कारण चौथ्या रांगेपलीकडे ती दिसत नाही आणि नटाची जीभ भाजते.

23 नोव्हेंबर, रविवार

प्रवेशबदलाची पहिली तालीम झाली. उजेडात, घाई न करता, सर्व वस्तूंसह वेळ लावली : 3 मिनिटे 10 सेकंद. तुकडीतल्या ताई निराश झाल्या होत्या, पण हा आकडा माझ्या दृष्टीने फार उपयोगी ठरला, कारण तो कशाने बनला आहे हे समोर दिसत होते. सोफा उचलायला दोघे लागत होते आणि तो विंगेत वळत नव्हता. टीपॉय, दिवा आणि गालिचा यांच्यासाठी तीन वेगळ्या फेऱ्या होत होत्या. दोन माणसे एकाच वाटेने समोरासमोर येत होती आणि एकमेकांना जागा देत थांबत होती.

तिथेच बसून पुढील रचना ठरवली. सोफा, टीपॉय, दिवा आणि गालिचा हे सगळे सहा फूट बाय चार फुटांच्या चाके लावलेल्या एकाच लेव्हलवर, म्हणजे लाकडी चौथऱ्यावर, पक्के बसवायचे. ती ट्रॉली क्रमांक 1. वाड्यातली ट्रंक आणि बांधलेली वळकटी दुसऱ्या लहान ट्रॉलीवर, ती क्रमांक 2. जाणारी प्रत्येक वस्तू एका विंगेतून जाईल आणि येणारी दुसऱ्या विंगेतून येईल. दोन्ही वाटा कुठेही एकमेकींना छेदणार नाहीत. रिकाम्या हाताने कुणीही रंगमंच ओलांडणार नाही. डावी-उजवी हे शब्द वापरायचे नाहीत, कारण नटाची डावी आणि प्रेक्षकांची डावी यांत घाईच्या वेळी गोंधळ होतो. ‘रस्त्याकडची विंग’ आणि ‘रंगपटाकडची (नटांच्या तयारीच्या खोलीकडची) विंग’ असेच म्हणायचे, तालमीच्या सभागृहातसुद्धा.

26 नोव्हेंबर, बुधवार

चाके बसवली. दोन फिरती आणि दोन सरळ, म्हणजे ट्रॉली ओढताना वाकडी जात नाही. फिरत्या चाकांना पायाने लावायचा ब्रेक आहे. रबरी चाके आवाज करत नाहीत. प्लॅस्टिकची स्वस्त पडतात, पण लाकडी फळ्यांवर त्यांचा खडखडाट मागच्या रांगेपर्यंत जातो.

30 नोव्हेंबर, रविवार

सभागृहाच्या खिडक्यांना काळे कापड लावून अंधारात तालीम घेतली.

अंधारात काम करण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. उजेडातून एकदम अंधारात गेल्यावर डोळ्यांतले रोडॉप्सिन हे द्रव्य पुन्हा तयार व्हावे लागते आणि डोळा पूर्णपणे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. आपल्याकडे 40 सेकंद आहेत. म्हणजे डोळा आधीच सरावलेला असला पाहिजे. तुकडीने पहिला प्रवेश सुरू झाल्यापासून विंगेच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, रंगमंचाकडे पाठ करून उभे राहायचे, मोबाइल जवळ ठेवायचा नाही आणि शेवटच्या संवादाच्या वेळी डोळे मिटून घ्यायचे. आज हे पाळून पाहिले आणि फरक चौघांनाही स्पष्ट जाणवला. निवृत्त गृहस्थांना इतरांपेक्षा अधिक वेळ लागतो, कारण वयाबरोबर हा सराव मंदावतो. त्यांच्याकडे घडीची भिंत दिली आहे, ती हाताच्या स्पर्शाने मिटवता येते.

जमिनीवरच्या खुणांसाठी अंधारात चमकणारी पट्टी आणली आहे. तिला आधी उजेड मिळावा लागतो, त्यामुळे सोफ्याखाली किंवा गालिच्याखाली येणारी खूण चमकणार नाही. सर्व खुणा उघड्या जागेत घेतल्या. नखाएवढा तुकडा पुरतो. मोठा लावला तर बाल्कनीतून दिसतो.

अखेरची वेळ 55 सेकंद.

4 डिसेंबर, गुरुवार

दत्तजयंतीमुळे तालीम ठेवलेली नाही. घरी बसून सूचनापत्र पूर्ण केले. प्रकाश आणि ध्वनीच्या सूचनांना 10, 20, 30 असे क्रमांक दिले आहेत, म्हणजे मध्ये नवी सूचना आली तर ती 25 होईल आणि पुढचे क्रमांक बदलावे लागणार नाहीत. प्रत्येक सूचनेपूर्वी मी ‘तयार’ म्हणेन आणि नेमक्या क्षणी ‘दे’ म्हणेन. या दोन शब्दांव्यतिरिक्त त्या वेळी कुणीही काहीही बोलायचे नाही.

7 डिसेंबर, रविवार

प्रकाशयोजना करणाऱ्या ताईंशी विजेचा हिशेब केला. 15 ॲम्पियरच्या एका सॉकेटवर 230 व्होल्टला 3450 वॉट मिळतात, म्हणजे हजार वॉटचे तीनच दिवे. चौथा लावायचा नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. एलईडी पार या दिव्यांमुळे भार पुष्कळ कमी होतो आणि फ्लॅटच्या प्रवेशासाठी त्यांचा थंड पांढरा प्रकाश योग्यही आहे. वाड्यासाठी मात्र ताई हॅलोजनवर ठाम राहिल्या. हॅलोजन मंद करत नेला की त्याची तार थंड होत जाते आणि प्रकाश आपोआप तांबूस होतो. साध्या एलईडीत तेज कमी होते, रंग तोच राहतो. शेवटच्या प्रवेशात संध्याकाळ उतरते ती याच तांबूस रंगाने उतरावी, हा त्यांचा आग्रह रास्त आहे. भिंतींचा एक फ्लॅट त्या दिव्याखाली नेऊन पाहिला. पिवडी फार पिवळी दिसू लागली, म्हणून तिच्यावर राखाडी रंगाचा अगदी पातळ हात द्यावा लागला.

प्रवेशबदल : 44 सेकंद. आता वस्तू कमी करायला जागा उरलेली नाही. उरलेली सेकंदे ट्रॉली सुटण्याआधी ब्रेक काढण्यात जात आहेत. ब्रेक अंधार होण्याआधीच काढायचा आणि पाय चाकाला टेकवून ठेवायचा, असे महाविद्यालयातल्या मुलाने सुचवले. ते लगेच स्वीकारले.

12 डिसेंबर, शुक्रवार

नाट्यगृहात रंगीत तालीम. सभागृहातल्या मोजमापापेक्षा इथली विंग अरुंद निघाली, पण ट्रॉली चार फूट रुंद ठेवलेली असल्यामुळे अडली नाही. रंगमंचाच्या फळ्यांत एका जागी उंचवटा आहे. ट्रॉलीची वाट हातभर मागे घेतली आणि खुणा बदलल्या. केबल सर्वत्र पट्टीने जमिनीला चिकटवल्या, वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक विंगेत आणले. रंगभूषेत वडिलांच्या मिशा स्पिरिट गमने लावून पूर्ण अंकभर ठेवून पाहिल्या. पोहे खाताना सुटल्या नाहीत.

प्रवेशबदल पूर्ण अंधारात, नटांसह : 38 सेकंद.

13 डिसेंबर, शनिवार

नारळ फोडून, तिसऱ्या घंटेला वेळेवर पडदा उघडला. सूचना क्रमांक 140 ला अंधार झाला. मुलीचा प्रश्न हवेत होता आणि प्रेक्षागृहात कुणी हलत नव्हते. भिंत मिटली, ट्रॉली क्रमांक 1 रस्त्याकडच्या विंगेत गेली, ट्रंक आली, वडील तिच्यावर बसले. 36 सेकंद. सूचना 150, तांबूस प्रकाश, आणि वडिलांनी उत्तर दिले. मी विंगेतून प्रेक्षकांचे चेहरे पाहू शकत नाही, पण त्या उत्तरानंतरची शांतता ऐकली आणि या जागेसाठी मी धरलेला हट्ट पूर्ण झाला, याचे मनापासून समाधान वाटले. शेवटच्या वंदनाला दिग्दर्शकांनी चौघांना काळ्या कपड्यांतच रंगमंचावर बोलावले. काका खाली पहिल्या रांगेत होते. त्यांना वर आणायला मुले धावली.

14 डिसेंबर, रविवार

आवराआवर. फ्लॅट उभे करून, पाठीला पाठ लावून, जमिनीपासून विटेवर उंच ठेवले आहेत, म्हणजे ओल लागणार नाही. घरोघरच्या वस्तू मोजून परत केल्या. सह्या वहीत आहेत. उरलेला कागद, कापडाचे तुकडे आणि लाकूड वेगवेगळे करून कचरागाडीला दिले. पुढच्या प्रयोगापूर्वी करायची कामे : ट्रॉली क्रमांक 2 चे मागचे एक चाक घासते, ते बदलणे, घडीच्या भिंतीच्या मधल्या पट्टीची खालची बिजागरी सैल झाली आहे, तिला मोठे स्क्रू लावणे, विंगेच्या नव्या मापांसह प्रवेशबदलाचा नकाशा पुन्हा काढणे आणि त्याची एक प्रत काकांना, एक तुकडीला देणे.